पाच टक्के मीठ

कनेक्टर या वस्तूतलं मला सगळं कळतं, असा आमच्या बिल्डिंगमध्ये एक समज आहे. तो मी पसरवलेला नाही. फक्त खोडून काढलेला नाही, एवढाच काय तो माझा गुन्हा. त्याची शिक्षा मात्र मला सव्वा महिना सक्तमजुरीसह भोगावी लागली, तीसुद्धा स्वतःच्याच घरात, बायको आणि थोरली बहीण या दोन पहारेकऱ्यांच्या देखरेखीखाली.

कनेक्टर म्हणजे दोन वायरी एकमेकींना जोडायची चिमुकली डबी. एका वायरीच्या टोकाला पिना, दुसरीच्या टोकाला भोकं. पिना भोकांत नीट बसल्या की वीज इकडून तिकडे जाते, नाही बसल्या की जात नाही. आमची कंपनी हीच डबी बनवते, आणि बाजारात पाठवण्याआधी तिचे जितके हाल करता येतील तितके करते. भट्टीत भाजते, बर्फात गोठवते, दमट कपाटात कोंडते, तासन्‌तास थरथरवते, आणि एवढं करून ती जिवंत राहिलीच तर खाऱ्या धुक्याच्या पेटीत टाकते. खारं धुकं म्हणजे मिठाच्या पाण्याचा बारीक फवारा. समुद्राकाठी वस्तू जी काही वर्षांत गंजेल, ती तिथे चार दिवसांत गंजते. मी या सगळ्या पेट्यांच्या बाहेर, काचेच्या अलीकडे टेबलापाशी बसतो आणि रिपोर्ट लिहितो. 'खारं धुकं, शहाण्णव तास : पास.' बावीस वर्षं मी हेच लिहीत आलो आहे. काचेच्या पलीकडे मी एकदाच गेलो होतो, तेही माझी छत्री तिथे राहिली होती म्हणून.

पण बिल्डिंगला हे कोण सांगणार? कोणाचा मिक्सर बंद पडला, कोणाचा दिवा लुकलुकला की लोक मला जिन्यात गाठून विचारतात. मीही भुवया जवळ आणून म्हणतो, "दमटपणा असेल." आजवर या उत्तराने कोणाचं नुकसान झालेलं नाही. नुकसान झालं ते माझंच, आणि ते बाबांच्या निमित्ताने.

आमचे बाबा वेधशाळेत निरीक्षक होते. चौतीस वर्षं त्यांनी दिवसातून तीन वेळा तापमान, आर्द्रता आणि पाऊस यांची नोंद केली. निवृत्त झाल्यावर वेधशाळा सुटली, नोंदी सुटल्या नाहीत. खिडकीबाहेर एक तापमापक टांगलेला आहे आणि उशाशी एक वही आहे. त्या वहीत ते रोज काय लिहितात हे आमच्यापैकी कोणी कधी बघितलं नव्हतं. हवामान, दुसरं काय असणार, असं आम्ही धरून चाललो होतो.

तर हे बाबा एका सकाळी बाथरूममध्ये घसरले. हाड मोडलं नाही, पण पाऊण तास तिथेच बसून होते आणि हाका मारत होते. बायको स्वयंपाकघरात मिक्सर लावून होती, मी बाल्कनीत फोनवर एका माणसाला त्याच्या इस्त्रीबद्दल 'दमटपणा असेल' असं सांगत होतो. ताईला कळलं तशी ती तासाभरात आली. ताई माझ्याहून सात वर्षांनी मोठी, शाळेची मुख्याध्यापिका, आणि राहते तासाभराच्या अंतरावर. तिचं एक वाक्य ठरलेलं आहे, 'मला नुसती हाक मारा, तासाभरात हजर होते की नाही बघा.' त्या दिवशी ती खरोखरच हजर झाली, बाबांना बघितलं, आणि परत जाताना जिन्यात कठड्याला धरून रडली. मी तिला रडताना फार वेळा पाहिलेलं नाही. मला काय करावं ते सुचेना, म्हणून मी जिन्याचा दिवा लावला.

डोळे पुसल्यावर ती पुन्हा मुख्याध्यापिका झाली. पर्समधून एक छापील फॉर्म काढला. गावाबाहेरच्या कुठल्याशा ज्येष्ठांच्या निवासाचा. तिथे प्रत्येक खोलीत बेल असते, दाबली की परिचारिका येते. तिने स्वतःची सही करून ठेवली होती, माझ्या सहीची जागा तेवढी रिकामी होती.

"एक महिना देते तुला," ती म्हणाली. "बाबांच्या उशाशी बेल लाव. दाबली की प्रत्येक वेळी वाजली पाहिजे. एकदाही चुकली तर ही सही करायची. कनेक्टरवाला ना तू? मग दाखव."

बाबांना यातलं काही कळू द्यायचं नाही, एवढं मात्र आम्हा दोघांचं एकमत झालं. या वयात त्यांच्या जिवाला घोर कशाला? आमचं दोघांचं ज्या ज्या गोष्टीवर आजवर एकमत झालं आहे, ती प्रत्येक गोष्ट पुढे जाऊन आमच्याच अंगाशी आली आहे, हे माझ्या तेव्हा ध्यानात आलं नाही.

बेल लावायची म्हणजे काय, बाबांच्या खोलीत बटण, स्वयंपाकघरात बेल, मधे वायर आणि वायरीला जोड. पण मधे एक भिंत होती, आणि भिंतीला भोक पाडायचं तर बिल्डिंगच्या सेक्रेटरींची परवानगी लागते. सेक्रेटरी आमच्या खालीच राहतात. भला माणूस, पण फॉर्म दिसला की त्यांच्यातला भला माणूस चहा प्यायला जातो. 'भोकाचा उद्देश', 'भोक तात्पुरतं की कायमस्वरूपी', 'भोकामुळे शेजाऱ्यांना होणारा लाभ'. या शेवटच्या रकान्यात मी 'नाही' असं लिहिलं, तर ते म्हणाले की मग कमिटी मंजूर कशाला करेल? मी खोडून 'वायुवीजन' लिहिलं. आठ दिवसांनी अर्ज नामंजूर झाला. कारण, ती भिंत मुख्य भिंत निघाली. वायर बाथरूमच्या झरोक्यातून न्यावी, त्याला परवानगी लागत नाही, असा तोंडी सल्ला मिळाला. म्हणून बाबांच्या बेलची वायर बाथरूममधून गेली, आणि तिचा जोड बरोबर गरम पाण्याच्या नळाच्या डोक्यावर आला.

कनेक्टर मात्र मी साधासुधा वापरला नाही. बाजारातला माल काय, कोणी तपासलेला असतो का नसतो. मी थेट आमच्या लॅबमधून, भंगाराच्या खोक्यातून, मी स्वतः पास केलेले सहा नग गेटपास करून घरी आणले. भट्टी, बर्फ, दमट कपाट, खारं धुकं, सगळ्यांतून पार पडलेले. त्यांच्या नावाने माझ्या अक्षरात 'पास' लिहिलेलं होतं. बापासाठी यापेक्षा चांगलं आणखी काय आणायचं? बेल वाजली तेव्हा ही कौतुकाने बघत होती, आणि मी स्टुलावरून उतरताना जरा सावकाशच उतरलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आंघोळीला बसलो आणि बेल वाजायला लागली. मी साबणासकट पंचा गुंडाळून बाबांच्या खोलीत धावलो. ही तिकडून ओल्या हातांनी आली. समोरच्या काकूसुद्धा आल्या, कारण आमचं दार उघडंच होतं आणि त्यांना बेल आपली वाटली. बाबा खुर्चीत बसून पेपर वाचत होते. बटण त्यांच्यापासून चार हात लांब होतं. "काय झालं?" त्यांनी आम्हाला विचारलं. काकूंसमोर मला पंच्याचं भान आलं ते तेव्हा.

त्यानंतर घरात कोणीही कढत पाण्याने आंघोळ केली की बेल वाजू लागली. वाफ पिनांच्या मधे जाऊन बसायची आणि बटण न दाबताच वीज पलीकडे उडी मारायची. हे शास्त्र मला समजलं होतं, इलाज समजत नव्हता. तो बिल्डिंगला समजला होता. सेक्रेटरी म्हणाले, पिना खोडरबराने घासा. घासल्या. काकू म्हणाल्या, ओठांना लावायचं मलम भरा, त्यांच्या माहेरी सगळ्या स्विचांत भरतात. भरलं. त्या मलमाला स्ट्रॉबेरीचा वास होता, त्यामुळे दोन दिवसांत मुंग्यांची रांग झरोक्यातून थेट कनेक्टरात शिरली. वरच्या मजल्यावरच्या एका गृहस्थांनी, ज्यांचं नाव मला आजही माहीत नाही, बुटांच्या खोक्यात मिळतात तशा पांढऱ्या मण्यांच्या सात पुड्या दाराला अडकवून ठेवल्या. मी त्याही बांधल्या. कनेक्टर आता एखाद्या आजारी बाळासारखा गुंडाळलेला दिसत होता, आणि तरीही बेल वाजत होती.

आणि वाजली की जावं तर लागतच होतं. खरीच असली तर? दिवसातून सात-आठ वेळा आमच्यातला कोणी ना कोणी बाबांच्या खोलीत धावत जायचा. गेल्यावर लगेच परत फिरणं बरं दिसत नाही, म्हणून दोन मिनिटं बसायचा. ही बसायची, काकू बसायच्या. एकदा सेक्रेटरी खोडरबर परत न्यायला आले ते तासभर बसले, चाळीस वर्षांपूर्वीच्या एका वादळाची हकीकत ऐकत. मला मात्र बसायला सवड नव्हती. मी त्या सगळ्या काळात स्टुलावर उभा होतो.

शेवटी लाज बाजूला ठेवून मी लॅबमधल्या मीठवाल्याकडे गेलो. हे त्याचं टोपणनाव. खाऱ्या धुक्याची पेटी तो सांभाळतो. त्याला मी बाबांच्या बेलची गोष्ट सांगितली, आणि आपले पास झालेले नगसुद्धा असे वागतात म्हणजे काय, असं जरा चढ्या आवाजात विचारलं. 

"साहेब, पास झालेला नग वापरायचा नसतो," तो म्हणाला. "त्याचं आयुष्य परीक्षेतच संपतं. म्हणून तर आपण तो भंगारात टाकतो."

बावीस वर्षं मी त्या खोक्याकडे बघत होतो आणि मला वाटायचं जागा नाही म्हणून टाकतात. मी टेबलापाशी येऊन बसलो आणि दिवसभर 'पास' लिहिताना माझा हात जड झाला होता. दिव्याखाली अंधार असतो हे ठाऊक होतं, पण दिव्याखाली टेबल मांडून मीच बसलो आहे हे ठाऊक नव्हतं.

आता वायरमनला बोलावण्यावाचून गत्यंतर नव्हतं. तो 'आत्ता येतो' म्हणून तिसऱ्या दिवशी आला. झरोक्याकडे मान वर करून त्याने मुंग्या, मलम, पुड्या हे सगळं नीट पाहिलं आणि जगातला प्रत्येक वायरमन जो पहिला प्रश्न विचारतो तोच विचारला, हे कोणी केलं? मी म्हणालो, आधीच्या वायरमनने. ही माझ्याकडे न बघता आत निघून गेली. त्याने बाथरूममधून अखंड वायर ओढली, जोड हलवून बाबांच्या पलंगामागे, कोरड्या भिंतीला आणला, नवा कोरा कनेक्टर बसवला आणि अर्ध्या तासात निघून गेला.

बेल गप्प झाली. बटण दाबलं की वाजायची, नाही दाबलं की नाही. चार दिवस घरात अशी शांतता होती की मी अक्षरशः दोन वेळा पोटभर झोपलो. ताईला फोन करून कळवलं की काम फत्ते. बाबा खोलीत, आम्ही आमच्या कामांत. सगळं पहिल्यासारखं सुरळीत चालू झालं.

त्याच दिवसांत एक गोष्ट घडली, आणि ती सांगताना मला आजही विचित्र वाटतं. बाबांनी मला हाक मारून माझ्या नोकरीबद्दल विचारलं. बावीस वर्षांत पहिल्यांदा. ते खारं धुकं म्हणतोस, म्हणाले, ते नेमकं करतात कसं? मी पलंगावर बसलो आणि जे जे मीठवाल्याच्या तोंडून ऐकलं होतं ते सगळं सांगितलं. मीठ किती? पंच्याण्णव भाग पाण्यात पाच भाग. पाणी कोमट की गार? पिनांवर थेंब कुठे बसतो? आधी काय होतं, वाजत राहते की बंद पडते? त्यांनी इतके बारीक प्रश्न विचारले की माझा ऊर भरून आला. अर्धा तास बसलो असेन. उठताना वाटलं, माणसाला बापाकडून एवढीच शाबासकी हवी असते. त्या आनंदात मी त्यांच्या उशाशी असलेला गुळण्यांचा पेला धुऊन ठेवला. घशासाठी ते रोज मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करतात.

पाचव्या दिवशी दुपारी बेल आपोआप वाजली.

मग पुन्हा तेच. तीन वाजता, साडेचारला, सकाळी पेपर येऊन गेल्यावर. आम्ही धावायचो, बाबा शांत. दोन दिवस अशी वाजायची आणि मग बटण दाबून दाबून बोट दुखलं तरी ढिम्म वाजायची नाही. उघडून बघावं तर पिनांवर हिरवा गंज. मी नवा कनेक्टर लावला. दोन दिवसांत हिरवा. आणखी एक लावला. तोही हिरवा. बाजारातले कोरे, खाऱ्या धुक्याचं तोंडही न पाहिलेले कनेक्टर कोरड्या भिंतीवर सडत होते, आणि ताई यायला तीन दिवस उरले होते. सेक्रेटरींनी सांगितलं की वारा फिरला असणार, समुद्राची हवा आत येते आहे. समुद्र आमच्यापासून दोन तासांवर आहे. काकूंनी पुन्हा मलम देऊ केलं, या वेळी बिनवासाचं. माझं जेवणावरचं लक्ष उडालं. जेवताना समोर बाबा दिसायचे आणि मला तो फॉर्म दिसायचा, माझ्या सहीच्या रिकाम्या जागेसकट. सव्वीस पिनांची डबी असती तर गोष्ट वेगळी, इथे दोन पिना होत्या. दोन पिना मला सांभाळता येईनात आणि मी बाप सांभाळायला निघालो होतो.

शुक्रवारी गंजलेला कनेक्टर रुमालात बांधून मी मीठवाल्याकडे नेला. त्याने भिंगाखाली धरला, उलटा केला, आणि मग कोणी बघत नाही असं पाहून जिभेला लावला.

"हे हवेतलं नाही," तो म्हणाला. "हवा चारी बाजूंनी खाते. हा वरून थेंब पडलाय. आणि मीठ घरचं आहे, साहेब."

घरचं मीठ म्हणजे स्वयंपाकघर, असा मी हिशेब केला. घरी जाऊन हिला विचारलं की बाबांच्या खोलीतली फरशी पुसताना पाण्यात मीठ घालतेस का. तिने फडकं माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, उद्यापासून तुम्हीच पुसा आणि चाखूनही बघा. मग ती माझ्याशी बोलायची बंद झाली. शनिवारी मी फरशी पुसली, नवा कनेक्टर लावला, दहा वेळा बटण दाबलं. दहाही वेळा वाजली. मी दर तासाला दाबून बघणार होतो, पण हिने स्वयंपाकघरातून एवढंच म्हटलं, "अहो, बस करा." अबोल्यात ती दोन शब्द बोलली हेच पुष्कळ होतं, म्हणून मी थांबलो.

रविवारी सकाळी ताई आली. नमस्कार-चमत्कार झाले, चहा झाला. मग ती बाबांच्या खोलीत गेली आणि मला स्वयंपाकघरात बेलखाली उभं केलं. ही ओट्याला टेकून उभी होती. ताई तिकडून म्हणाली, दाबते आहे. काही नाही. पुन्हा म्हणाली, दाबते. काही नाही. मी बेलकडे असा बघत होतो की तिला मेलेल्याहून मेल्यासारखं व्हावं. तिसऱ्यांदा काही नाही. मी पाय ओढत खोलीत गेलो, हीसुद्धा मागोमाग आली. ताईने बटण खाली ठेवलं होतं आणि पर्समधून तो फॉर्म काढून उलगडला होता. ती रागावलेली नव्हती. तेच जास्त वाईट होतं. तिने पेन पुढे केलं आणि म्हणाली, "मी म्हटलं होतं ना रे."

मी पेन घेतलं. काय करणार होतो? शब्द दिला होता, आणि बाथरूममधला तो पाऊण तास मीही विसरलेलो नव्हतो. बाबा खुर्चीतून उठून पलंगाच्या कडेला बसले होते आणि आमच्या चेहऱ्यांकडे आळीपाळीने बघत होते.

आणि तेवढ्यात बेल वाजली. खणखणीत, लांबलचक.

बटण ताईसमोर टेबलावर पडलं होतं. त्याला कोणाचाही हात लागलेला नव्हता. बाबांचा उजवा हात मात्र पलंगामागे होता. ही पुढे झाली आणि त्यांचा हात हळूच वर काढला. हातात डोळ्यांत औषध घालायचा ड्रॉपर होता. शेजारी गुळण्यांचा पेला, अर्धा रिकामा.

"वाजत नव्हती म्हणून घातला एक थेंब," बाबा म्हणाले. "तुमची काहीतरी अडचण दिसली. काल पाच टक्के केलं होतं ते जास्तच झालं. तीनला वाजते, पाचला मरते."

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो मी असा महिनाभर घातला होता, समुद्रापर्यंत जाऊन आलो होतो. मी पलंगावर बसलो. मला राग आला होता, आणि कोणावर ते कळत नव्हतं. मी म्हणालो, बाबा, बेल तुमच्यासाठीच आहे, बटण तुमच्या हाताशी आहे, आम्हाला बोलवायचं तर ते दाबायचं होतं. हा काय खेळ?

बाबा म्हणाले, "दाबली की तुम्ही विचारता, काय हवंय? मला काहीच नको असतं. मग काय सांगायचं?" ड्रॉपर त्यांनी पेल्यात ठेवला. "आपोआप वाजली की तुम्ही विचारता, बाबा, बरे आहात ना? आणि मग बसता."

बेल अजून वाजतच होती. मी पलंगामागे हात घालून वायर उपटली. ताईच्या हातातल्या कागदाकडे बाबांचं लक्ष गेलं. त्यांनी चष्मा लावला, कागद मागून घेतला आणि सावकाश वाचला. वेधशाळेचा माणूस, वरच्या ओळीपासून खालच्या सहीपर्यंत सगळं वाचतो.

"म्हणजे ही परीक्षा होती," ते म्हणाले. "मला कोणी सांगितलं नाही. मी आपला तुमच्या बेलवर मीठ सोडत बसलो." मग उशाशी असलेली वही उचलून त्यांनी ताईकडे दिली. परीक्षाच घ्यायची तर नोंदी बघून घ्या, असं काहीसं पुटपुटले.

ताईने वही उघडली. मी तिच्या खांद्यावरून बघत होतो. तापमान, आर्द्रता, पाऊस हे रकाने होतेच. त्यांच्या शेजारी बाबांनी पट्टीने एक नवा रकाना आखला होता, बेल लागली त्या दिवसापासून. प्रत्येक वेळी कोण आलं आणि किती वेळात. 'सून : १२ सेकंद. हात ओले. नळ चालू राहिला.' 'मुलगा : २० सेकंद. पंचा.' 'मुलगा : ५५ सेकंद. चप्पल शोधत होता.' 'समोरच्या बाई : ३ मिनिटं. मलम घेऊन.' 'सेक्रेटरी : बेल नसताना आले. ६४ मिनिटं बसले. वादळ पूर्ण सांगितलं.' पानामागून पान. एकदाही असं नव्हतं की बेल वाजली आणि कोणी आलं नाही. ताईचं बोट ओळींवरून खाली सरकत होतं, आणि माझी छाती, खोटं कशाला सांगू, थोडी फुगत होती.

मग वायरमनच्या नंतरचं पान आलं. 'बेल दुरुस्त. बेल : शून्य. माणसं : जेवणाच्या वेळा.' दुसरा दिवस, तसंच. तिसरा दिवस, तसंच. चौथ्या दिवसापुढे लिहिलं होतं, 'मुलगा : ३२ मिनिटं. कनेक्टरबद्दल बोलला. आनंदात होता.' मला वाटत होतं की मी त्यांना शिकवत होतो. माझी लाज माझ्या तोंडावर आली असणार, कारण हिने माझ्या पाठीवर हात ठेवला. अबोला सुटला तो असा.

ताईचं बोट शेवटच्या पानावर गेलं. त्या दिवशीची तारीख. बाबांनी सकाळीच, तिचा आवाज जिन्यात ऐकून, लिहून ठेवलं असावं. तिथे सेकंद नव्हते, मिनिटंही नव्हती.

'थोरली : एकतीस दिवस.'

ताई ती ओळ बराच वेळ वाचत होती. मग तिने वही मिटून उशाशी ठेवली, फॉर्मची घडी घातली आणि पर्समध्ये टाकली. फाडला नाही. ती कागद फाडणारी बाई नाही. बाबांशेजारी पलंगावर बसली आणि विचारलं, "ते वादळाचं काय हो बाबा? मला पूर्ण माहीत नाही." संध्याकाळचे दिवे लागले तरी ती उठली नव्हती.

पुढच्या आठवड्यात मीठवाला स्वतः घरी आला आणि रबराच्या टोपीचा कनेक्टर लावून गेला. पाणी, वाफ, मीठ, काही आत जाणार नाही, असं त्याने बाबांना बजावून सांगितलं. बाबांनी टोपी नीट तपासली आणि शांतपणे मान हलवली. आता बेल अगदी भरवशाची झाली आहे, म्हणजे ती वाजतच नाही. ताई बुधवारी शाळा सुटल्यावर येते, फॉर्म अजून तिच्या पर्समध्ये आहे की नाही हे विचारायचं धाडस मी केलेलं नाही. बिल्डिंगमध्ये माझी जी काय पत होती ती गेली. परवा सेक्रेटरींच्या घरचा दिवा लुकलुकला तेव्हा ते माझ्या दारावरून पुढे जाऊन काकूंना विचारून आले.

मी मात्र हल्ली कामावरून आलो की चप्पल काढून आधी बाबांच्या खोलीत जातो. बोलायला दर वेळी काही असतंच असं नाही. बसतो. काल उठताना सहज वही उघडी दिसली. माझ्या नावापुढे सेकंदांच्या रकान्यात त्यांनी नुसती एक आडवी रेघ मारली होती. आता ही कसली नोंद, नापास केलंत की काय, असं मी विचारलं.

"बोलावलं नव्हतं," बाबा म्हणाले. "मग कुठून मोजू?"